गाळलेले चेंडू

शनिवारी सकाळी विल्यांदीच्या नगरसभागृहात दीड-दोनशे माणसे खुर्च्यांवर बसून कव्हर ड्राइव्ह मारत होती. एकाच्याही हातात बॅट नव्हती. लोकरीचे स्वेटर घातलेले आजोबा, बेकरीवाली लैदा, खुद्द नगराध्यक्ष, सगळ्यांची कोपरे एकाच क्षणी वर उठली, मनगटे वळली आणि समोरच्या पडद्यावर चेंडू सीमेपार गेला. सभागृहभर तृप्तीचा सुस्कारा उमटला. मागे दाराशी उभी असलेली प्रमोदिनी सावे मात्र दातओठ खात होती.

प्रमोदिनी मूळची केळव्याची. राज्याच्या संघात वर्षानुवर्षे यष्टिरक्षण करून तिच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी झाली होती. निवृत्तीनंतर क्रिकेट महामंडळाने तिला प्रशिक्षक म्हणून एस्टोनियातल्या विल्यांदी गावी धाडले, कारण या चिमुकल्या देशात घरोघरी क्रिकेट बघितले जात होते. बघणारे इतके, तर खेळणारे किती मिळतील, असा साधा हिशोब. दोन उन्हाळे उलटले तरी खेळायला एकच मुलगी येत होती: मार्या, गावची बस चालवणारी. गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटून ती एकटीच गोलंदाजी शिकली होती आणि चांगलीच शिकली होती.

बाकीच्यांना खुर्चीत बसवले होते ते स्नायुपट्टीने. फलंदाजाच्या बाहीत शिवलेले संवेदक त्याच्या स्नायूंमधले विजेचे सूक्ष्म संदेश टिपत. ते प्रेक्षकाच्या दंडावरच्या पट्टीत पोचले, की त्याचे स्नायूही तसेच आवळत आणि फटका त्याच्या हातांत उमटे. मैदान आणि प्रेक्षक यांच्यात अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवलेले असे. तेवढ्यात कंपनीचे संगणक सगळे चाळून घेत. लागलेला मार गाळला जाई. हुकलेला चेंडू चित्रातूनही जाई आणि पट्टीतूनही. बाद झालेला फलंदाज नुसता दिसेनासा होई. दुधातली साय तेवढी काढून वाढावी तसे हे क्रिकेट होते, आणि ते चाखलेली माणसे गार वाऱ्यात घाम गाळायला कशाला येतील? सांगून सांगून प्रमोदिनीच्या नाकी नऊ आले होते. सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

आता तर मुदतच आली होती. उन्हाळा संपायच्या आत अकरा जणांचा संघ मैदानात उतरला नाही, तर तळ्याकाठचे मैदान बंद करून तिथे आणखी एक प्रेक्षागृह बांधायचे महामंडळाने ठरवले होते. मग मार्याने खेळायचे कुठे आणि कुणाशी?

म्हणून प्रमोदिनीने आमिष लावले. महामंडळाकडून तिने खेळाडूंची एक खरी बाही मागवली होती. सामना संपल्यावर ती पुढे गेली आणि म्हणाली, "उद्या मैदानावर जो बॅटिंग करेल, त्याला ही बाही घालायला मिळेल. त्याचा फटका इथल्या प्रत्येकाच्या पट्टीत पोचेल."

कानातल्या दुभाष्या यंत्राने वाक्य पोचवले. एकदम दहा-बारा हात वर झाले. त्यांत पोस्टमन कारेलचा हात सर्वांत उंच होता.

रविवारी खरोखरच दहा जण आले. मार्या धरून अकरा. प्रमोदिनीला भरून आले. तिने एकेकाला जागेवर नेऊन उभे केले, पण वळून पाहते तर पॉइंटवर, मिडऑनवर, सीमेजवळ, जो तो गुडघे वाकवून फलंदाजाच्या पवित्र्यात उभा. दंडावरच्या पट्ट्या कुणीच काढल्या नव्हत्या.

"चेंडू आला तर अडवायचा," तिने लैदाला सांगितले.

"तो तर सीमेपार जातो ना?" लैदाने निरागसपणे विचारले.

कपाळावर हात मारून प्रमोदिनी यष्ट्यांमागे गेली. कारेल बाही चढवून उभा राहिला. त्याचा पवित्रा पाहून ती थक्क झाली. पाय, खांदे, डोके, सगळे जागच्या जागी. शरीराने कित्येक वर्षे बसल्या जागी ते गिरवले होते. मार्या धावत आली. चेंडू पडला आणि किंचित आत वळला. कारेलने देखणा ड्राइव्ह मारला आणि मधली यष्टी उखडली.

मार्याने दोन्ही हात उंचावले. ते खाली आले तरी कुणी टाळी वाजवली नाही. सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. जिना संपला असे समजून पाऊल टाकावे आणि तिथे अजून एक पायरी असावी, तसे त्यांच्या दंडांना झाले होते.

"हे काय होतं?" कारेलने विचारले.

"चेंडू हुकला तुमचा. तुम्ही बाद झालात."

"असं होत नाही. बाही बिघडली असेल. पुन्हा टाक, मार्या."

बाही धडधाकट होती. गावातल्या मैदानावर मधले चाळणारे संगणक नव्हते, एवढेच. प्रमोदिनीच्या ते तेव्हा लक्षात यायला हवे होते, पण संतापाच्या भरात तिने नुसती यष्टी ठोकली आणि मार्याला खूण केली. पुढचा चेंडू उसळला आणि कारेलच्या अंगठ्यावर बसला.

कारेल कळवळून खाली बसला. त्याच क्षणी लैदा बसली, नगराध्यक्ष बसले, मैदानावरचे नऊच्या नऊ जण अंगठा धरून गवतात बसले. गावातही घरोघरी तेच झाले असणार. उभ्या राहिल्या फक्त दोघी, पट्टी न बांधलेल्या. थोड्या वेळाने सगळे उठले आणि अंगठे सांभाळत घरी गेले. एक षटकही झाले नव्हते.

"माझी पहिली विकेट होती ती, बाई," मार्या म्हणाली. 'बाई' हा शब्द ती मुद्दाम शिकली होती. प्रमोदिनीला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून महामंडळाचे इनामदार फोनवर बोलले, तेव्हा राजीनाम्याचे शब्द तिच्या ओठांवर तयार होते.

"प्रमोदिनीताई, कमाल केलीत तुम्ही! मैदान वाचलं."

"सामना झाला नाही, इनामदार. एक ओव्हरसुद्धा नाही."

"अहो, सामना कुणाला हवाय? तो अंगठा! गावातल्या लोकांनी तो ठणका साठवून एकमेकांना पाठवला. अख्ख्या देशात गेला. लोक म्हणताहेत, आजवर असं खरं काही जाणवलंच नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा हवाय."

"मग अकरा जण पाठवा म्हणावं."

"अकरा कशाला? तो पोस्टमन आणि ती तुमची मुलगी. दोघं पुरे."

प्रमोदिनीने संभाषण तोडले. वाकड्या बोटांनी हातमोजे भिंतीवर भिरकावले आणि मग स्वतःच उचलून आणले. बाही तर तिनेच आणली होती.

पुढच्या रविवारी कारेल सगळ्यांच्या आधी आला. अंगठा अजून निळा होता, दंडावर पट्टी नव्हती.

"बाही नको," तो म्हणाला. "तो चेंडू का हुकला, तेवढं सांगा मला."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला खेळाविषयी काही विचारले होते. ती त्याचा पुढचा पाय हाताने सरकवून दाखवू लागली, तेवढ्यात तळ्याकडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली. माणसे उतरून मैदानाकडे येऊ लागली. शंभर तरी असतील. गार वाऱ्यामुळे सगळ्यांनी लांब बाह्यांचे कोट घातले होते. आत पट्ट्या आहेत की नाहीत, ते दिसत नव्हते.

मार्या चेंडू हातात घोळवत तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाई," तिने विचारले, "हे खेळायला येताहेत, की मी कारेलला मारते ते बघायला?"