चार बोटं

चालायचा पट्टा, एक पलंग, घोट्याचा रक्तदाब मोजायचं यंत्र आणि मोजणीबाई, एवढाच त्या तपासणीच्या खोलीचा संसार होता. 'मोजणीबाई' हे नाव रुग्णांनी ठेवलेलं. चौदा वर्षं लोकांचे पाय तपासणारी ही बाई दोनदा मोजल्याशिवाय स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नसे.

नियम सोपा होता. पायाची नस अरुंद झाली की चालताना पोटरी दुखते, थांबलं की दुखायची राहते. दुखायला लागलं की रुग्णानं एक बोट वर करायचं, वाढेल तशी दोन, तीन. चार म्हणजे असह्य. चार दिसली की बाई पट्टा थांबवायची.

त्या सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा सुनेबरोबर आले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी अठ्ठावन्न मीटरवर चार बोटं दाखवली होती. आज आकडा तेवढाच आला तर ऑपरेशन, सुधारला तर रद्द. आणि खोटाच सुधारला, तर पुढे पाय कापायची वेळ येणार. कागदावर सही बाईचीच असणार होती.

आजोबा तीनशे मीटर चालले. एकही बोट वर नाही.

बाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "गोळी घेऊन आलात ना?"

"छे हो."

"मग दुखत कसं नाही?"

"मागच्या वेळी दुखत होतं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, मनावर घ्या आजोबा, आणखी दहा पावलं." ते हसले. "जावे त्याच्या वंशा, बाई."

ते खरं होतं. रुग्णाला असं रेटायचं नसतं, हे ठाऊक असून ती म्हणाली होती. बाई ओशाळली, पण संशय काही गेला नाही. तिनं घोट्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला. नस मागच्यापेक्षा वाईट होती. असा पाय दारापर्यंतही जायचा नाही. तिनं टेप लावून पट्टा मोजला, खडूची खूण करून फेरे मोजले. यंत्र चोख होतं.

बाहेर बाकावर सून दोन्ही हातांनी पोटरी दाबत बसली होती.

"तुम्हाला काय झालं?"

"काही नाही, ताई. होतं हल्ली."

"कधी?"

सुनेनं आत नजर टाकली. "बाबा चालायला लागले की."

दोघांचं संगनमत आहे, बाईनं ठरवून टाकलं. आता हिला इथून हलवायचं आणि म्हाताऱ्याला पुन्हा चालवायचं. तिनं सुनेला जुनी फाइल आणायला तळमजल्यावर पाठवलं.

"मी इथंच बसते ना," सून काकुळतीला आली. "मी नसले तर..."

"तर काय?"

सून उठून गेली. जाताना लंगडत नव्हती.

अर्ध्या तासानं, सून खालीच असताना, पट्टा पुन्हा सुरू झाला. अठ्ठावन्न मीटरवर बाईच्या उजव्या पोटरीला चिमटा बसला. शंभरवर कुणीतरी फडकं पिळावं तशी पोटरी पिळवटली. तिनं टेबल धरलं.

"आणखी दहा पावलं, बाई?" समोर बघतच आजोबांनी विचारलं.

तिनं बटण दाबलं. पट्टा थांबला. दोन मिनिटांत दुखणं थांबलं.

बाईला घाम फुटला होता. तिनं दाबाचा आकडा लिहिला आणि खाली 'ऑपरेशन तातडीनं' असं लिहून सही केली.

"ऑपरेशन कशाला?" आजोबा चपला घालत म्हणाले. "पाय उत्तम आहे."

सून फाइल घेऊन आली. बाईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं मान खाली घातली. "माफ करा, ताई," ती पुटपुटली. मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, गाडी बोलावते."

"नको. आज पायीच जाऊ."

कागदावर पत्ता होता. घर चार किलोमीटरवर.

बाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. खाली आजोबा तरातरा निघाले होते. सून मागून चालत होती, तीही अगदी सहज.

ते कोपऱ्यावर वळले.

टेबलावरच्या बाईच्या हाताचं एक बोट वर झालं.

मग दोन. मग तीन.

चौथंही वर झालं. पट्टा केव्हाचाच बंद होता.