आतलं पातेलं

बेटावर सुट्टीला आलेला माणूस खाणावळीत पुढच्या दारानं येतो. पुढे वेलीचा मांडव असतो, पुसलेली टेबलं असतात, खाणावळ चालवणारी, गोड हसणारी आत्या असते. हा पठ्ठ्या मात्र समुद्रात डुंबून थेट मागच्या दारानं आत शिरला. पायाला वाळू, केसांतून पाणी ठिबकतंय... आणि आल्या आल्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून वास घेऊ लागला.

"झाकण खाली!"

त्यानं दचकून झाकण ठेवलं. कमरेला फडकं खोचून, हातात डाव घेऊन आत्याची भाची उभी होती. सगळं बेट तिला 'ठसका' म्हणायचं. तिच्या हातचं जेवण आणि तिचं बोलणं, दोन्ही समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं.

"वास आला म्हणून..."

"वास सगळ्यांनाच येतो. म्हणून कुणी झाकण नाही उचलत. हे घरच्यांचं पातेलं आहे. पाहुण्यांचं ते तिकडे."

खाणावळीत रोज दोन पातेली चढायची. पाहुण्यांच्या पातेल्यात नारळाच्या दुधातला मऊ मासा, काटे काढलेला, मिरची दाखवण्यापुरती. आतल्या पातेल्यात माशाचं डोकं, धुरावर वाळवलेले तुकडे, आंबट कच्चं फळ, कडू पाला आणि मूठभर मिरच्या. पाहुणे पहिलं खायचे, फोटो काढायचे आणि बेटाची चव कळली म्हणून खूश होऊन जायचे. बेटावर ते कुणीच खात नसे.

"मला हेच हवंय," तो म्हणाला.

"मिळणार नाही. बाहेर बसा."

तो बाहेर बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तोही मागच्याच दारानं. दातांचा डॉक्टर होता. चमच्याचा दांडा घेऊन त्यानं आत्याची दुखरी दाढ तपासली आणि आत्याला आपल्या बाजूला वळवून घेतलं.

"अगं, वाढ की त्याला एक घास," आत्या म्हणाली.

"आत्या, तू गप्प बस. तोंड उघडं ठेव."

"पण का नाही?" त्यानं विचारलं. "तिखट लागेल म्हणून?"

"तिखट काय, पाणी प्यायलं की जातं." ती कांदा चिरत राहिली. "आतलं जेवण इथे राहणाऱ्यांचं. तुमची बोट रविवारी आहे."

ती उगाच हट्टाला पेटली नव्हती. 'परत येईन' म्हणणारे तिनं या मांडवाखाली खूप पाहिले होते. त्यातल्या एकासाठी ती एक अख्खा हंगाम धक्क्यावर जाऊन उभी राहिली होती. पुन्हा तसं उभं राहायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. पण आताशा त्याच्या वाटणीच्या माशातले काटे ती दोनदा तपासू लागली होती. हा माणूस तिला आवडला होता, आणि त्याचा तिला मनस्वी राग येत होता.

रविवारी ती मासे घ्यायला धक्क्यावर गेली, तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहिला. "मी परत—"

"ते वाक्य नको. इथे त्याला भाव नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. यायचं तर या."

ती बोट सुटेपर्यंत थांबली नाही. घरी येऊन तिनं त्या दिवशी आतल्या पातेल्यात इतक्या मिरच्या टाकल्या, की आत्यानं दह्याचं भांडंच तोंडाला लावलं.

हंगाम संपला. समुद्र खवळला. पाहुण्यांचं पातेलं घासून माळ्यावर पालथं पडलं. अशाच एका भर पावसाच्या दुपारी मागचं दार करकरलं.

तो होता. चिंब भिजलेला, बोट लागल्यानं चेहरा उतरलेला. "जेवायला काय आहे?"

ती पातेलं ढवळत राहिली. "खाणावळ बंद आहे. पाहुण्यांचं पातेलं माळ्यावर गेलं."

"मग अडचण मिटली."

"सुट्टी किती दिवसांची?"

"सुट्टी नाही. माझी खुर्ची मागच्या होडीतून येतेय... दात काढायची. धक्क्याजवळ खोली घेतलीय. पहिली दाढ आत्यांची."

"मी अजून हो म्हटलेलं नाही!" आतून आत्या ओरडली.

भाचीनं ताट घेतलं, आतल्या पातेल्यातलं वाढलं. माशाच्या डोक्यासकट.

पहिल्या घासाला त्याचे कान लाल झाले. दुसऱ्याला नाक वाहू लागलं.

"पाणी देऊ?"

"नको... अजून वाढा." डोळे पुसत तो म्हणाला, "तुम्ही मला आवडता. झाकण उचललं, तेव्हापासून."

"ते मला तेव्हाच कळलं होतं. माझं कळायला वेळ लागला."

"आणि... कळलं?"

ती त्याच्या शेजारी बसली. आपलंही ताट वाढून घेतलं. जेवता जेवता तिनं त्याच्या ताटातला एक मोठा काटा उचलून बाजूला ठेवला.

तो हात धुवायला उठला.

"ताट कोण उचलणार? घरची माणसं आपलं आपण धुतात."

त्यानं हसत ताट उचललं. तिनं आपलं ताट त्याच्या ताटावर ठेवलं.

"आणि हेही घे," ती म्हणाली.