पोटदुखी नंबर एकेचाळीस

टायपिंगच्या दुकानाचं दार ढकलायचं की ओढायचं, हे त्या दारालाही नक्की माहीत नसावं. दवाखान्यातल्या सिस्टरने बाहेरून ढकललं, त्याच क्षणी आतून कुणीतरी ओढलं, आणि काखेतल्या पत्र्याच्या पेटीसकट ती सरळ एका माणसावर जाऊन आदळली. पेटीचा कोपरा त्याच्या बरगडीत बसला. तो कळवळला, पण पेटी त्याने पडू दिली नाही.

"लागलं का?" तिने विचारलं.

"पेटीला? नाही."

पहिल्याच वाक्याला चेष्टा, म्हणजे या माणसाचं काही खरं नाही, असं तिने ठरवून टाकलं. शिवाय ती ज्यांच्याकडे आली होती ते हे नव्हतेच. तिला हवे होते म्हातारे टायपिस्ट, जाड भिंगाचे आणि कमी बोलणारे. ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते आणि महिनाभरासाठी त्यांचा भाचा कॉम्प्युटरवर बसला होता. एक तर तरुण, त्यात दिसायला बरा. म्हणजे अडचणीत भरच.

"पेटी परत द्या," ती म्हणाली. "यातलं तुम्ही वाचायचं नाही."

"मग टाइप कसं करू? वासावरून?"

तिला हसू आलं होतं, पण तिने ते परत आत पाठवलं. पेटी साधी नव्हती. दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर यायच्या आठवड्यातून एकदा, मंगळवारी, दहा ते एक. शिवणकारखान्यातल्या, दुकानातल्या, शाळेतल्या, लोकांच्या घरी राबणाऱ्या बायकांनी मंगळवारी सकाळी यायचं कसं? दुखणं काय वार बघून येतं? सहा वर्षं सिस्टर त्या दाराशी उभी राहून नंबर पुकारत होती, आणि एकच्या ठोक्याला, धापा टाकत आलेल्या बायकांच्या तोंडावर तेच दार लावत होती. संध्याकाळची ओपीडी हवी म्हणून तिने तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, 'तशी मागणी दिसून येत नाही.'

मागणी दिसत नाही ना, मग दाखवते, म्हणत तिने ही पेटी बायकांच्या बाजूच्या बोळात टांगली. आपलं दुखणं लिहा, नाव लिहू नका. पण सिस्टर सगळ्यांना चेहऱ्याने ओळखायची, कित्येकींना अक्षरानेसुद्धा. म्हणून तिने स्वतःच नियम घातला होता की ती एकही चिठ्ठी वाचणार नाही. परका माणूस वाचेल, टाइप करेल, नावाच्या जागी नंबर घालेल आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाकेल. महिन्याच्या शेवटी दवाखान्याच्या समितीची बैठक होती. या वेळी विषय फेटाळला गेला तर वर्षभर पुन्हा मांडता येणार नव्हता.

हे सगळं तिने जरा घुश्शातच सांगितलं. भाच्याने शांतपणे ऐकलं.

"मला इथे येऊन आठ दिवस झालेत," तो म्हणाला. "या शहरात मला फक्त मामा ओळखतात, तेही सध्या पट्टीतून. वाचलेलं कुणाला बोलणार नाही. तुम्हालासुद्धा नाही."

ते 'तुम्हालासुद्धा' तिला आवडलं. पेटी आणि हाताने लिहिलेला आपला चौथा अर्ज त्याच्या टेबलावर ठेवून ती निघाली. या वेळीही दार तिने ढकललं. ते ओढायचं होतं.

मग रोज ड्यूटी सुटली की कुठवर आलं ते बघायला तिची दुकानाकडे फेरी होऊ लागली. बघायला एक मिनिट पुरलं असतं, पण फेरी अर्ध्या तासाची व्हायची. बाहेर भुरभुर पाऊस असायचा. प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदांचा वास यायचा. ती आली की तो उठून स्वतःची खुर्ची तिला द्यायचा आणि आपण कागदांच्या गठ्ठ्यावर बसायचा. बोलताना त्याची नजर आधी तिच्या चपलांकडे जायची, मग चेहऱ्याकडे. दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांकडे कुणी बघतं, हे तिला नवीन होतं.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "झाल्या. एकेचाळीस." आणि मग बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि घालत राहिला.

"एक विचारू? त्या एकेचाळीस नंबरच्या बाई... बऱ्या आहेत ना आता?"

"मला काय माहीत? नियम आहे."

"हो, नियम आहे..." त्याने मान हलवली. "पण काय लिहिलंय, सिस्टर! वाचताना मला हसू आलं, आणि हसता हसता पुढचं अक्षर दिसेना."

सिस्टरचा चेहरा उतरला. एकेचाळीस म्हणजे शेवटची चिठ्ठी. आणि शेवटची चिठ्ठी कुणी टाकली ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शनिवारी ती पेटी खाली उतरवत असताना गाण्याच्या बाई धावत आल्या होत्या आणि "थांबा, थांबा," म्हणत त्यांनी घडी आत सरकवली होती. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या त्या. उंच, हसऱ्या, गालाला खळी. धावतानासुद्धा ज्यांच्या साडीची निरी जागची हलत नाही, अशा बायकांपैकी एक.

मराठीत पोटात दुखण्याचे दोन अर्थ आहेत. एक दुखणं सिस्टरला दोन वर्षांपासून होतं आणि ते तिने मागच्या महिन्यात एका केसपेपरच्या पाठीवर लिहून त्याच पेटीत टाकलं होतं, सगळ्यांच्या आधी, कारण रिकाम्या पेटीत पहिली चिठ्ठी टाकायला कुणी धजत नव्हतं. दुसरं दुखणं तिला त्या संध्याकाळी लागलं. त्यापुढे पहिलं बरं म्हणायची वेळ आली.

त्यानंतर तो रोज विचारायचा. एकेचाळीस नंबरवाल्या कशा आहेत? त्यांना कुणी सांगेल का, फार वेळ उभं राहू नका म्हणून? वास्तविक गाण्याच्या बाई बसून गातात. पण हेव्याला एवढा विचार करायला सवड कुठे असते?

"मजेत असतील," ती एकदा तुटकपणे म्हणाली. "दिसायला छान आहेत, आवाज गोड आहे. फक्त स्वतःचं कौतुक जरा जास्तच आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "असं नका म्हणू त्यांना," तो हळूच म्हणाला. "मला तर तसं कधी वाटलं नाही."

झालं. सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला कधी वाटायला तो गाण्याच्या बाईंना भेटला केव्हा? उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं. गाण्याच्या बाई दुकानातून हसत हसत बाहेर पडत होत्या, हातात कागदांची सुरळी होती, आणि भाचा त्यांच्यासाठी ते अडेलतट्टू दार धरून उभा होता. सिस्टर रस्त्याच्या पलीकडूनच मागे फिरली. नंतर चार दिवस ती तिकडे फिरकलीच नाही.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय गं, पोटात दुखतंय का?" त्यांनी विचारलं. सिस्टर हो म्हणाली आणि कोणतं ते सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी भाच्याने टाइप केलेला गठ्ठा दवाखान्यात पोचवला. सिस्टर आत असूनही समोर आली नाही, मावशींनीच तो घेतला. रिकाम्या खोलीत सिस्टर गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली. वाचायचं नव्हतंच. पण शेवटचं पान... ते एक पान निघालं तर काय बिघडणार होतं? चाळीस चिठ्ठ्या काय कमी झाल्या? तिचा अंगठा त्या पानाच्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. ज्या बाईसाठी भांडतोय, तिच्या दुखण्याचाच आपण हेवा करतोय, हे तिला लख्ख दिसलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने गठ्ठ्याला दोरी बांधली, घट्ट, दोन गाठी मारून.

बैठकीला भिंतीशी मांडलेल्या खुर्च्यांवर गाण्याच्या बाई होत्या, मावशी होत्या, कारखान्यातल्या सातआठ जणी अर्धी सुट्टी टाकून आल्या होत्या. टाइप करणारा म्हणून भाच्यालाही बोलावलं होतं. तो सिस्टरकडे बघत होता आणि ती खिडकीकडे बघत होती.

अध्यक्षांनी गठ्ठा उलटसुलट केला. वरची चारदोन पानं चाळली, मग शेवटचं पान काढून मोठ्याने वाचायला घेतलं.

"'चिठ्ठी एकेचाळीस. दोन वर्षं पोटात दुखतंय. काम उभ्याने असतं, म्हणून गरम पाण्याची पिशवी कपड्यांच्या आत बांधते आणि वरून हसते. रोजच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. मी म्हटलं, मग नवरा चिठ्ठीवर लिहून द्या, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला तर घेऊन जाते. सकाळी एक आणि रात्री एक...'"

खोलीत हसू फुटलं. सिस्टर मात्र हसली नाही. हे तर तिचं वाक्य होतं. तिची चिठ्ठी पहिली होती, अगदी पहिली, पेटीच्या तळाला... आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. झाकण उघडणारा माणूस वरची चिठ्ठी आधी काढतो. तळातली सगळ्यात शेवटी निघते.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "लिहिलंय छान. जरा जास्तच छान. बायका असं लिहितात का?" ते भाच्याकडे वळले. "हे तुम्हीच रचलंय ना? हे खोटं असेल तर बाकीच्या चाळिसांवर तरी विश्वास का ठेवायचा?"

"मी एक शब्दही बदललेला नाही," भाचा म्हणाला.

"मग कुणी लिहिलंय ते सांगा."

"ते मला सांगता येणार नाही."

"माहीत आहे की नाही?"

त्याचे कान लाल झाले होते. त्याने एकदाही सिस्टरकडे पाहिलं नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं की त्याला माहीत आहे.

ती उभी राहिली. "माझी आहे," ती म्हणाली. आवाज कापला, मग सावरला. नंबर पुकारायची सवय कामी आली. "दर मंगळवारी मी तीस जणींचे नंबर पुकारते. एक वाजला की डॉक्टरबाई जातात आणि मी दार लावते. सहा वर्षं त्या दाराशी उभी आहे, साहेब, आणि माझाच नंबर कधी लागलेला नाही. मग ज्या दाराशी पोचतच नाहीत त्यांचं काय?"

मग गाण्याच्या बाई उठल्या. "शेवटी टाकली ती मी. म्हणजे एक नंबर माझा असणार."

"माझा नंबर कितवा ते मला ठाऊक नाही," मावशी बसूनच म्हणाल्या, "पण आतमध्ये मीपण आहे."

शेवटी ओपीडी मंजूर झाली, आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाच ते आठ, तूर्त तीन महिन्यांसाठी. अध्यक्षांनी 'तूर्त' या शब्दावर जोर दिला. चालेल, सिस्टरने मनात म्हटलं, तूर्तचं कायम कसं करायचं ते बघू.

जिन्यात भाच्याने तिला गाठलं. दोघंही एकाच पायरीवर, दोन कठड्यांना टेकून उभे.

"कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"चौथ्या दिवसापासून. चिठ्ठीचं अक्षर तुमच्या अर्जाचंच होतं. पण बोलणार नाही असं सांगून बसलो होतो. तुम्हालासुद्धा."

"म्हणजे रोज विचारत होतात ते..."

"तुमचीच तब्येत विचारत होतो, तुम्हालाच. आणि तुम्ही म्हणालात, दिसायला छान आहेत, आवाज गोड आहे. मला वाटलं, बाई आहे बुवा बिनधास्त."

तिने तोंडावर हात धरला. "आणि गाण्याच्या बाई?"

"त्यांच्या गाण्याच्या झेरॉक्स. बारा पानं, दोन्ही बाजूंनी." तो थांबला. "का हो?"

"पोटात दुखत होतं," ती म्हणाली. तो काळजीत पडला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याला दुसरा अर्थ लागला. तो इतका खूश झाला की पुढची पायरी चुकला.

संध्याकाळच्या ओपीडीच्या पहिल्या दिवशी मावशींनी सिस्टरला दाराशी उभंच राहू दिलं नाही. बाकावर बसवली, हातात नंबर दिला आणि स्वतः पुकारायला उभ्या राहिल्या. त्या पुकारायच्या कमी आणि ओरडायच्या जास्त. बोळ बायकांनी भरून गेला होता. भाचा बाहेरच्या ओट्यावर बसून होता, भिजलेली छत्री पायाशी ठेवून.

डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. सगळं विचारलं, तपासलं, आणि हसून टाळलं नाही. त्या दुखण्याला नाव होतं, उपायही होता, वेळ लागणार होता एवढंच. सिस्टर बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा हलका झाला होता.

तो उठून उभा राहिला. "काय म्हणाल्या?"

तिने औषधांची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने वरपासून खालपर्यंत वाचली, पाठ उलटून पाहिली.

"नवरा लिहिलेला नाही यात," तो म्हणाला.

"नाही. त्याचा उपयोग नसतो म्हणाल्या, या दुखण्यावर."

"बरं झालं. औषध म्हणून यायची माझी इच्छा नव्हतीच..." त्याने छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "नुसताच आलो, तर चालेल?"

तिने चिठ्ठीची घडी घातली, त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि छत्रीखाली आली. आतून मावशींची हाळी ऐकू आली, पुढचा नंबर कोण म्हणून, आणि बाकावरची एक बाई घाईघाईने उठली.