सहावी ‘ब’चा इंग्रजीचा तास

पुनम धावतपळत सहावी ‘ब’च्या वर्गात शिरली, तर फळ्यापाशी एक उंच मुलगा खडू घेऊन आधीच उभा!

“हा तास माझा आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “इंग्रजीचा सराव पाठ. निरीक्षक मॅडम येतीलच आता.”

त्यानं खिशातलं वेळापत्रक पुढे केलं. त्याचाही हाच वर्ग, हाच तास. धुळ्याच्या त्या शाळेत बी.एड.चे चाळीस जण आले होते; कुठेतरी घोळ झाला होता. पुनमचे डोळे भरून आले. आधीच्या दोन पाठांवर लाल शेरे होते, हा तिसरा बिघडला तर वर्षच गेलं! त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, खडू तिच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

चालू वर्तमानकाळ. पुनमनं फळाभर नियम लिहिले, मराठीतून समजावले… पोरं गप्प. येऊन बसलेल्या मॅडमचं पेन मात्र भराभर चाललेलं.

तेवढ्यात तो मागचा मुलगा उठला. अवाक्षर न बोलता त्यानं हवेतच बादली उचलली, पाणी ओतलं आणि कुणाची तरी रुंद पाठ खसाखसा घासू लागला. मध्येच शेपटीचा फटका चुकवल्यासारखं तोंड फिरवलं.

“म्हैस धुई राहिना!” एक मुलगी अहिराणीतच ओरडली. वर्ग खदखदला.

पुनमला वाट सापडली. “इंग्लिशमध्ये सांग!”

“ही इज… वॉशिंग अ बफेलो!”

मग कुणी कापूस वेचला, कुणी भाकरी थापली. फळ्यावरचे नियम कधी पुसले गेले, तिलाही कळलं नाही.

फाटकापाशी तिनं त्याला गाठलं. “तुम्ही स्वतःचा तास सोडलात. एवढं मोठं मन…”

“म… मोठं मन नाही.” त्याचे कान लाल झाले. “मी घ… घाबरलो होतो. तुम्ही आलात नि सुटलो.”

तो जामनेरचा हितेंद्र. इंग्रजी उत्तम, शिकवायची हौस दांडगी, पण चारचौघांत शब्द दातांत अडकायचे. परीक्षेचा पाठ दोन आठवड्यांवर आला होता. पुनमनं त्याला सोडलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं कडुनिंबाखाली सराव करू लागले. एकदा सहज ती त्याच्याबरोबरच वाक्य म्हणू लागली—आणि तो अडखळला नाही!

“हितेंद्र, वर्गालाच सोबत घ्या! सगळे एकसुरात बोलतील.”

“आणि तुम्ही?”

“मी कशाला?”

“सवय झालीये…” तो हळूच हसला.

ती वहीत डोकं खुपसून बसली. परीक्षा संपली की हा जामनेरला, आपण नरडाण्याला. हा काही बोलत का नाही? शब्द अडतात म्हणून, की बोलायचंच नाही म्हणून?

परीक्षेच्या दिवशी ती मागे बसली होती. वर्गाच्या चाळीस आवाजांबरोबर हितेंद्र सुरेख चालला होता. तोच परीक्षक म्हणाले, “आता एकट्यानं एका मुलाला प्रश्न विचारा.”

“व्ह… व्ह…”

सगळं थांबलं. पुनमचे ओठ हलले, तसा तिनं तोंडावर हात दाबला. आज आपण शब्द पुरवला, तर तो कायम आपल्याकडेच बघेल. पोरंही हसली नाहीत, वाट बघत राहिली. त्यानं श्वास घेतला… आणि प्रश्न पुरा केला.

संध्याकाळी बसस्थानकावर नरडाण्याची बस लागली होती.

“पुनम… मला त… तू…”

पुढचा शब्द तिला ठाऊक होता. कंडक्टर ओरडत होता. ती पायरीवर पाय ठेवून थांबून राहिली.

“…आवडतेस.”

तिला हसूही आलं, रडूही. “मलाही. पण माझ्या वडिलांशी, आबांशी, तुलाच बोलावं लागेल.”

“ए… एकट्यानं?” त्याचा चेहरा उतरला.

“एकट्यानं. तुझ्या शब्दासाठी त्यांनाही थांबता येतं.” हे खरं का, तिलाच खात्री नव्हती. बस हलली, तशी तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“रविवारी सकाळीच ये! नऊनंतर आबा मळ्यात जातात!”