दोन्ही पायांत शून्य

बारकूने तिसऱ्यांदा तोच आकडा सांगितला, तेव्हा त्याच्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतावासा वाटला मला. "डावं मागचं पाऊल. संवेदी चेतापेशी शून्य."

बारकू हा आमच्या प्राणी-आश्रमातला यंत्रमानव. आश्रम माझी आई चालवते. बारकूच्या डोळ्यांत सूक्ष्मदर्शक बसवलेत, त्यामुळे न कापता, न टोचता तो जिवंत प्राण्याच्या आतली एकेक पेशी पाहू शकतो. फक्त सांगितलं तेवढंच पाहतो, हीच त्याची कटकट आहे.

प्रश्न टुणीचा होता. टुणी म्हणजे वॉलबीचं, कांगारूच्या एका लहानखुऱ्या नातलगाचं पिल्लू. चोरट्या व्यापाऱ्यांच्या ट्रकमधून तिला सोडवलं, तेव्हा पिंजऱ्याखाली तिची डावी मांडी चिरडली होती. ती शिशुधानी (आईच्या पोटावरच्या पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्या प्राण्यांपैकी) असल्यामुळे माझ्या गळ्यातल्या गोधडीच्या पिशवीत राहायची. डाव्या पावलाला काहीच जाणवत नसल्याने ते चावून चावून रक्तबंबाळ करायची. पायातल्या संवेदी चेतापेशी (स्पर्शाचे, दुखण्याचे निरोप मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशी) मेल्या असतील, तर गुरुवारी पाय कापायचा, असं डॉक्टर बनसोडांनी ठरवलं होतं. उड्यांवर जगणाऱ्या प्राण्याचा मागचा पाय. आणि त्या दिवशी मंगळवार होता.

मी कुमुदआजीला फोन केला. ती आईची मावशी. चाळीस वर्षं तिने चेतापेशींचाच अभ्यास केला, पण सरळ उत्तर देणं तिला अजून जमलेलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "उजवा पाय मोजलास का?"

उजवा पाय तर ठणठणीत होता. गुदगुल्या केल्या की टुणी तो झटकन आत ओढायची. तो कशाला मोजायचा, असं मनात म्हणत मी चरफडत बारकूला त्या पायाकडे वळवलं.

"उजवं मागचं पाऊल. संवेदी चेतापेशी शून्य."

ज्याला गुदगुल्या कळतात त्या पायातही शून्य? मी बारकूला बिघडलेला डबा म्हटलं. त्याने शांतपणे स्वतःची तपासणी केली आणि बिघाड नसल्याचं कळवलं. त्यामुळे मी आणखीच चिडले.

दुपारी आजी स्वतःच आली. बारकूला मी नेमकं काय सांगितलं होतं, ते तिने विचारलं. मी सांगितलं होतं, पावलातली चेतापेशींची केंद्रकं (पेशीचा कारभार पाहणारे गोळे) मोज. एक केंद्रक म्हणजे एक पेशी.

"नळाच्या तोटीत विहीर शोधत होतीस तू," आजी म्हणाली. मग तिने कागदावर काढून दाखवलं. संवेदी चेतापेशीचं गोल अंग पाठीच्या कण्याशेजारच्या गुच्छिकेत (पेशींच्या छोट्या गाठीत) बसलेलं असतं. त्यातून एकच देठ निघतो आणि थोड्याच अंतरावर त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा कण्यातल्या मज्जारज्जूकडे जातो, दुसरा लांबच लांब थेट बोटापर्यंत. म्हणजे पावलात असतं ते फक्त तारेचं टोक. टुणीचं तसंच आणि माझंही तसंच.

बारकू बरोबर होता. चुकीचा प्रश्न मी विचारला होता, आणि त्यापायी टुणीचा पाय जाणार होता. मला स्वतःचाच राग आला.

आता बारकूने कण्याच्या डाव्या बाजूला पाहिलं. त्याला जोडलेल्या पडद्यावर टपोऱ्या गोल पेशी उमटल्या. प्रत्येकीभोवती चिमुकल्या उपग्रही पेशी (चेतापेशीला जपणाऱ्या सोबतिणी) अगदी खेटून बसल्या होत्या. मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात बारकू बोलला, "दोष आढळला. बऱ्याच पेशींत केंद्रक मध्यभागी नाही. कडेला सरकलं आहे."

म्हणजे पाय जाणारच, असं मी धरून चालले. आजी मात्र हसली. "तार तुटली की पेशी दुरुस्तीला लागते, आणि तेव्हा केंद्रक असं कडेला सरकतं. या जिवंत आहेत, शर्वाणी. कामाला लागल्या आहेत."

मांडीत तारांवरचं वेष्टन शाबूत होतं. त्यातून नवी तार दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते. टुणीच्या मांडीपासून बोटांपर्यंत एकशे दहा मिलिमीटर होते. तार पोचेलच अशी खात्री नाही, हेही आजीने सांगून टाकलं. डॉक्टर बनसोडांनी पडदा तीनदा पाहिला आणि गुरुवार रद्द केला. जखम चिघळली तर मात्र ऐकणार नाही, असं बजावलं.

मग रोज सकाळी पट्टी बदलायची, मऊ ब्रशने पाऊल घासायचं आणि बारकूचं "प्रतिसाद नाही" ऐकायचं. तीन महिने उलटून गेले. त्या दोन शब्दांचा मला वीट आला.

एकशे अठराव्या सकाळी ब्रश टेकवला, तर टुणीने डावा पाय खसकन ओढला आणि माझ्या हनुवटीवर लाथ हाणली. मी रडायलाच लागले. बारकूने नोंद केली आणि मग, कुणी न सांगता, विचारलं, "उजवा पायही तपासू?"

"तपास बाबा," मी म्हटलं.

हनुवटी दोन दिवस दुखत होती. हनुवटीजवळ कणा नाही, मग ही कळ पाठवणाऱ्या पेशी बसतात कुठे, असं मी आजीला फोन करून विचारलं.

"बारकूला विचार," ती म्हणाली. "पण या वेळी प्रश्न नीट विचार."