हातमोजा नसलेला हात

आधीच सांगते, यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. मावशीने सांगितलं तसंच लिहितेय, आणि मावशीला थापा मारता येतच नाहीत. वाढदिवसाचं सरप्राइजसुद्धा ती आदल्या दिवशी सांगून टाकते!

भूत म्हटलं की मध्यरात्र हवी, असं वाटत असेल तर विसरा.

बुधवार होता. सकाळचे साडेनऊ. ऑपरेशन थिएटर नंबर दोन, लख्ख दिवे.

मावशी तिथे सिस्टर आहे. डॉक्टर हात पुढे करतात, ती त्यात हत्यार ठेवते. न बघता! तिचे डोळे पुढच्या हत्यारावर असतात. तळहात लागला, मूठ मिटली, की सोडायचं. एकवीस वर्षांत एकदाही चूक नाही.

त्या दिवशी टेबलावर होत्या शिवणकाकू. आमच्या अख्ख्या शाळेचे युनिफॉर्म त्याच शिवतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. गाठ लहान होती, वेळेत सापडली होती. पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने गर्भाशय काढायचं होतं.

"टाके नीट घाला हं," भूल देण्याआधी काकू म्हणाल्या. "मला उसवलेलं खपत नाही."

सगळे हसले.

नेहमीचे मोठे डॉक्टर रजेवर होते. त्यांचा नियम कडक. खालून सळई घालून गर्भाशय हलवायचं नाही, कारण सळई गाठीतूनच जाते आणि गाठीचे कण पसरू शकतात. आधी खालचा भाग टाके घालून बंद करायचा, गाठ आत कोंडायची. मगच कापायचं.

बदली डॉक्टरांना मात्र घाई होती.

"सिस्टर, सळई."

मावशीचा हात ट्रेवरच अडला. "सर, मोठे डॉक्टर आधी टाके घालतात..."

"मोठे डॉक्टर आहेत का इथे?"

तिने सळई उचलली. हात पुढे केला. तळहात लागला... मूठ मिटली... तिने सोडली.

"अहो सिस्टर, देताय ना?"

मावशीने मान वर केली.

डॉक्टरांचा हात रिकामा होता.

पडली असती तर खणखणली असती. पण आवाजच नाही! ट्रेमध्ये नाही. चादरीत नाही. टेबलाखाली नाही.

"लपवलीत?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. डॉक्टर, कॅमेरा धरणारा, भूलवाले, दाराशी उभे थिएटरचे काका. सगळे पुरुष.

मावशी त्यांच्या हातांकडे बघत होती. कोणीतरी चेष्टा करतंय, असा तिला दाट संशय होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

तिच्या हाताला लागलं होतं ते रबर नव्हतं. कातडी होती. कोरडी, उघडी कातडी.

टेबलाजवळच्या प्रत्येक हातात मोजा होता. भूलवाल्यांचे उघडे हात पार पलीकडे, मशीनवर. काकूंचे दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले.

मग घेतली कोणी?

थिएटरच्या काकांनी कपाटातून दुसरी सळई आणली. सीलबंद पाकीट फोडून ट्रेवर टाकली.

"सळई," डॉक्टर म्हणाले. "या वेळी माझ्या हातात."

मावशीने उचलली. पुढे धरली. आणि थांबली.

घे ना बाई, ती मनात म्हणाली. मघासारखी घे.

तिच्याच अंगावर काटा आला. बाई? ती बाई आहे हे मला कसं कळलं?

एक सेकंद... दोन... मशीनचं टिक टिक...

कोणी आलं नाही.

तिला काकूंचा पट्ट्यात अडकलेला हात दिसला. बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक काळे ठिपके.

मावशीने सळई ट्रेमध्ये ठेवली.

"नाही देणार, सर. आधी टाके. खुशाल तक्रार करा."

आवाज इतका बारीक निघाला की तिलाच जेमतेम ऐकू आला, म्हणे.

डॉक्टर मात्र दचकून एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "बरं. सुई-दोरा द्या."

खालचं तोंड शिवलं. गर्भाशय दोऱ्याने वर टांगून धरलं. सगळं पिशवीत घालून अख्खं बाहेर काढलं.

काकूंचा वर्षभरानंतरचा रिपोर्ट स्वच्छ आला. कालच त्यांनी माझं माप घेतलं आणि "वाढतेयस की पळतेयस?" म्हणून झापलं. पहिली सळई मात्र आजतागायत सापडलेली नाही.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, मावशी घाबरली होती, हरवली कुठेतरी. पण परवा तिने उरलेलं सांगितलं.

ऑपरेशननंतर हात धुताना डॉक्टर तिला म्हणाले, "सिस्टर, तुमचं बरोबर होतं. पण दोघींनी एकदम ओरडायची काय गरज होती?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? 'सॉरी सर' म्हणाले. दोघींच्या वतीने."

मी खो खो हसले.

मावशी हसली नाही.