भवानीचं गिऱ्हाईक

"अहो, ते नका घेऊ... पहिल्याच धुण्यात रंग पळतो त्याचा!"

बोलून गेली आणि जोनालिननं जीभ चावली. स्वतःच्याच मालाची अशी निंदा बक्लारानच्या अख्ख्या बाजारात आजवर कुणी केली नसेल. शेजारी आलिंग पुरिंगचं, म्हणजे पुरिंगमावशीचं, मेणबत्त्यांचं आणि लग्नाच्या सामानाचं दुकान होतं. तिनं तर कपाळावर हातच मारून घेतला. पण जोना तरी काय करणार? काळे मोजे हातात घेऊन उभ्या असलेल्या या तरुणाला तिनं घटकाभरापूर्वी चर्चच्या दारातून पाहिलं होतं. बुधवारची सकाळची प्रार्थना चालली होती. शेकडो गळ्यांतून माउलीचं स्तवन उठत होतं, आणि त्या सगळ्या आवाजांतून एकच आवाज निराळा कळत होता. ठाव सापडलेल्या माणसासारखा शांत, तरी आत कुठंतरी भिजलेला. तो आवाज याचा. असं डोळे मिटून गाणाऱ्याच्या गळ्यात कच्च्या रंगाचे मोजे कुणी बांधावेत?

"मग कुठले घेऊ, आते?" त्यानं विचारलं.

"आते?" जोनाच्या भुवया वर चढल्या. "थोरली बहीण दिसते मी तुमची? आधी चष्मा घ्या, मोजे मागाहून."

"बरं. चष्म्याचं दुकान कुठं आलं?" असं म्हणून तो खरंच वळला.

"अहो, थांबा! कुठं निघालात? भवानी व्हायचीय माझी अजून!"

तो थांबला. हळूच हसला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की दिवस बुडाला, हे त्या बाजारात तान्ह्या पोरालाही ठाऊक. आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक असलं म्हणजे तर विकणारीची मान त्याच्या हातात!

"असं होय," तो परत येत म्हणाला. "मग भाव मी सांगणार."

"सांगा. लाज बाळगून सांगा म्हणजे झालं."

त्यानं भाव सांगितला. त्यात लाजेचा अंशही नव्हता. जोनानं माउलीला साक्षीला बोलावलं, आपल्या अन्नाची शपथ घेतली, आलिंग पुरिंगला मध्ये ओढलं... आणि शेवटी त्याच भावाला पक्के काळे मोजे बांधून दिले. त्याची नोट तिनं रिवाजाप्रमाणे साऱ्या मालावरून फिरवली. टॉवेल, रुमाल, लहान मुलांची झबली, सगळ्यांवरून.

"बरकत आहे का माझ्या हाताला?" त्यानं विचारलं. विचारलं थट्टेतच, पण उत्तराची वाट मात्र थट्टेनं पाहत नव्हता.

"संध्याकाळी कळेल," जोना म्हणाली.

दुपार कलायच्या आतच तिचे टॉवेल संपले होते.

*

त्याचं नाव रोडेल. समोरच्या मोठ्या रस्त्यापलीकडच्या मॉलमध्ये चपला-बुटांच्या विभागात तो कामाला होता. बुधवारी कामावर जाण्याआधी प्रार्थनेला यायचा आणि तिथून थेट जोनाच्या दुकानी.

"पुन्हा मोजे?" ती विचारायची. "खाता की काय?"

"मॉलमध्ये आम्हाला बसायची बंदी आहे. दिवसभर उभं राहायचं. मोजे बिचारे किती सोसतील?"

"आणि पाय?"

"पायांना कोण विचारतंय? ...तू विचारलंस, पहिलीच."

'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. कधी तो गरम तहोचे, सोयाच्या गोड खरवसाचे, दोन पेले घेऊन यायचा. पाकात भिजलेला तो मऊ लुसलुशीत घास चमच्यानं खाताना जोना रस्त्याकडं बघायची आणि तो तिच्याकडं. कधी सर आली की दोघं मिळून ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीनं ढकलायची, आणि ते नेमकं आलिंग पुरिंगच्या पायांवर पडायचं.

"प्रेम करा, पण कोरड्यात करा!" पुरिंग ओरडायची.

"प्रेम कसलं, आलिंग पुरिंग? धंदा आहे हा," जोना म्हणायची. कान मात्र लाल व्हायचे.

आणि धंदाही होताच की! रोडेलनं भवानी केली की दिवस हमखास भरायचा. बाजारात अशी गोष्ट लपत नाही. साऱ्या रांगेत बोलबाला झाला, जोनालिनच्या माणसाचा हात सोन्याचा आहे. बायका त्याला हाका मारायच्या, "कुया, अरे दादा, इकडं ये ना, नुसता एक रुमाल उचल!" तो हात जोडून पुढं निघायचा. जोनाला तेव्हा जे वाटायचं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, माउलीलासुद्धा नाही. अभिमान होता तो. आणि अभिमानाच्या आत मुळासारखी एक गाठ होती — माझा आहे.

"जोना," एकदा त्यानं विचारलं, "माझ्या हाताला खरंच बरकत आहे असं वाटतं तुला?"

"वाटतं कसलं? दिसतं ना. का रे?"

"काही नाही. पुन्हा एकदा ऐकायचं होतं."

ती हसली. माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारतो, हे तिनं तेव्हा विचारायला हवं होतं.

*

त्या बुधवारी प्रार्थना संपली. जोनानं केस नीट केले, मोज्यांचा गठ्ठा पुढं ओढला. रोडेल गर्दीतून आला, आणि तिच्याकडं न बघता आलिंग पुरिंगच्या दुकानासमोर उभा राहिला.

चुकून थांबला असेल, जोनाच्या मनात आलं.

तो वाकला. पुरिंगच्या कानाशी काहीतरी बोलला. पुरिंगनं तोंडावर हात ठेवला, हसली, पाठ करून मालात काहीतरी शोधू लागली. तिच्या रुंद पाठीआड काय चाललंय ते दिसेना. मग कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या पिशवीत गेलं. नोट पुरिंगच्या हातात आली. आणि पुरिंगनं, जोनाच्या डोळ्यांदेखत, ती नोट आपल्या मालावरून फिरवली. मेणबत्त्यांवरून, झालरींवरून... अगदी सावकाश.

"गं बाई!" समोरची चादरीवाली खिदळली. "जोनालिन, तुझा सोन्याचा हात शेजारी गहाण पडला की गं!"

रांगेतल्या बायका हसल्या. साधंच हसणं होतं ते, बाजारातलं. पण जोनाच्या कानांत उकळतं तेल पडलं.

रोडेल तिच्यासमोर आला. चेहऱ्यावर कसलंतरी गुपित मावत नव्हतं. "आज मोजे नकोत," तो म्हणाला. "आज मला—"

"आज तुला काही मिळणार नाही."

"जोना, ऐक तर..."

"काय ऐकू? भवानी वाटत फिरतोस आता? आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं? एवढ्या बायका बोलावतात, जा ना!"

"अगं, मी ती वस्तू तुझ्याकडनं कशी घेणार? ती—"

तिनं पुढचं ऐकलंच नाही. हिरव्या आंब्याबरोबर खायला आणलेली मिठाची पुडी हाताशी पडली होती. तिनं मूठ भरली, आणि तो उभा होता तिथं, त्याच्या पायांवर मीठ फेकलं. अपशकुनी गिऱ्हाईक दारात आलं की फेकतात, तसं.

हसणं थांबलं. चादरीवालीनंसुद्धा मान खाली घातली.

रोडेल आपल्या बुटांकडं बघत राहिला. काळ्या चामड्यावर पांढरे कण. त्यानं ते झटकले नाहीत. चेहऱ्यावरचं ते गुपित मात्र विझलं... समईत तेल असताना वाऱ्यानं ज्योत जावी तसं. मग तो वळला आणि गर्दीत मिसळला.

"पोरी, काय केलंस हे!" पुरिंग पुढं आली.

"तू बोलू नकोस माझ्याशी! तुझी भवानी झाली ना? बस्स."

पुरिंगचंही डोकं फिरलं. मिठाचे काही दाणे तिच्या मेणबत्त्यांवरही पडले होते, आणि भर सकाळी आपल्या मालावर मीठ पडलेलं कुठली विकणारी सहन करेल? तिनं ताडपत्रीची झालर खाली ओढली. दोन दुकानांमध्ये भिंत उभी राहिली.

बुधवार आले नि गेले. रोडेल काही आला नाही. जोना प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या दारात जाऊन उभी राहायची, कान लावायची. स्तवन तेच असायचं. त्यातून वर जाणारा आवाज तेवढा नसायचा.

शेवटी पुरिंगलाच राहवलं नाही. एका सकाळी तिनं झालर वर केली.

"सांगणार नव्हते," ती म्हणाली. "पण उद्या माउलीपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू? त्यानं माझ्याकडनं काय घेतलं, ठाऊक आहे? लग्नाची दोरी."

जोनाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. लग्नात वधू-वराच्या खांद्यांवरून दुहेरी वेढा घालतात, दोघांना एकत्र बांधतात, ती पांढरी रेशमी दोरी!

"तुझ्यासाठीच गं. आता नवरीची वस्तू काय नवरीकडनंच विकत घेणार? म्हणाला, 'आलिंग पुरिंग, आजची भवानी तुमची. माझा हात चांगला आहे म्हणतात ना, मग सगळ्यांत पहिली ही दोरीच घेतो.'"

*

मॉलच्या दारातल्या पहारेकऱ्यानं काठीनं तिची पिशवी चाळवली आणि आत सोडलं. आतल्या गारव्यानं तिच्या अंगावर काटा आला. नाताळ दोन-अडीच महिने लांब होता, तरी नाताळची गाणी सुरू झाली होती. चकचकीत फरशीवर जोनाला आपलीच चप्पल मोठ्यानं वाजतेय असं वाटत होतं.

रोडेल दिसला. पांढरा सदरा, काळी पँट, ताठ उभा. ती दिसताच त्याचा चेहरा क्षणभर हलला. मग खांबाजवळ उभ्या असलेल्या साहेबाकडं त्याची नजर गेली.

"या मॅडम. काय दाखवू?"

जोना गुपचूप खुर्चीवर बसली. नजरेला पडेल त्या सँडलकडं बोट दाखवलं. तो गुडघा टेकून खाली बसला, तिचं पाऊल हातात घेतलं. तोच हात.

"पुरिंगनं सांगितलं मला," ती कुजबुजली. "रोडेल, माझं चुकलं."

"घट्ट होतंय का, मॅडम?"

"चुकलं म्हणतेय ना मी!"

"साहेब बघतोय, हळू बोल. एक नंबर मोठा आणतो."

तो गेला, खोका घेऊन आला, पुन्हा गुडघे टेकले.

"दोरी कुठाय?" तिनं विचारलं.

"माउलीच्या पायांशी ठेवली. कुणाच्या तरी कामी येईल."

"आपल्याच येईल. मी आणते मागून. रोडेल, बाजारात रागाच्या भरात माणूस काय काय फेकतं रे... मूठभर मीठच होतं ते."

त्यानं सँडलचा पट्टा लावला. बराच वेळ लावत राहिला.

"आमच्या गावच्या किनाऱ्यावर," तो खाली बघतच म्हणाला, "माझा बाप ज्या होडीत बसला ती दोनदा रिकामी परत आली. तेव्हापासून त्याला कुणी होडीत घेतलं नाही. तो वाळूवरून गेला की मागून मीठ फेकायचे. मी शाळेत निघालो की माझ्याही मागून. मूठभरच असायचं."

जोना खुर्चीत पुढं सरकली.

"गाव सोडून आलो. आणि एका मोजेवालीनं सांगितलं, तुझ्या हाताला बरकत आहे. आयुष्यात पहिल्यांदा, जोना. मी दर बुधवारी ते ऐकायला यायचो. मोजे काय, माझ्या खोलीत ढीग पडलाय त्यांचा."

"मला ठाऊक नव्हतं रे... देवाशपथ, ठाऊक नव्हतं!"

"तेच तर. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी हात मिठाकडंच गेला."

जोनाचे डोळे भरून आले. साहेब एक पाऊल पुढं सरकला. तिनं मोठ्यानं म्हटलं, "याचा दुसरा रंग दाखवा हो!" रोडेल उठला. तेवढाच त्याला परत यायला एक बहाणा. तो आला.

"दोहाच्या मॉलची नोकरी चालून आली होती," तो म्हणाला. "तू हो म्हणाली असतीस तर जाणार नव्हतो. तू मीठ फेकलंस त्याच दुपारी सही करून टाकली. येत्या रविवारी विमान आहे."

"मी येते विमानतळावर."

"नको."

"मग थांबते. येशील तोवर थांबते. तू रागाव, शिव्या दे, हवं तर माझ्यावर पोतंभर मीठ ओत..."

पहिल्यांदाच तो थोडं हसला, आणि ते हसू बघून जोनाला रडण्याहून वाईट वाटलं.

"राग नाही गं. प्रार्थनेत रोज तुझं नाव घेतो अजून. पण तुझ्यासमोर उभा राहिलो की माझी नजर तुझ्या चेहऱ्याकडं नाही जाणार. हाताकडं जाईल. घरात एखाद्या दिवशी भांडण होईल, धंदा बसेल, पोर आजारी पडेल... आणि मी तुझ्या हाताकडं बघत राहीन. असा संसार तुझ्या गळ्यात घालू?"

"मी वाट बघू की नको, तेवढं सांग. एक शब्द."

त्यानं तिचं पाऊल हलकेच खाली ठेवलं. ओठ उघडले...

"या रंगात तुमचा नंबर आहे का, ते आत बघतो, मॅडम," तो म्हणाला, आणि पडद्याआड गेला.

जोना बसून राहिली. एका पायात नवी सँडल, दुसरा पाय गार फरशीवर. वर नाताळचं गाणं संपलं, दुसरं लागलं. पडदा हलला. ती सावरून बसली.

खोका हातात घेऊन एक तरुण विक्रेती बाहेर आली. गुडघे टेकत म्हणाली, "कुया रोडेल जेवायला गेलेत, मॅडम. तुमचं पुढचं मी बघते. घेताय ना ही?"

जोनानं पट्टा सोडला. विक्रेतीचा हात पुढं आला होता, पण जोनानं तो तिला सोडू दिला नाही. सँडल पुसून जागच्या जागी खोक्यात ठेवली.

"नाही गं," ती म्हणाली. "नुसती बघायला आले होते."